बी-वन टेंडर, कापलेला दंड आणि कलम ३०: आता दाद मागायची कुठं?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. इथं वकील आहेत, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आहेत, म्हणून विचारतो. जरा लांबेल.

आम्ही सेलूकडचे, परभणी जिल्हा. बाबा आणि काका मिळून सरकारी ठेकेदारी करतात. रस्ते, मोऱ्या, लहानसहान पूल. त्यातल्या एका कामाचं दुखणं आहे. जोडरस्ता आणि ओढ्यावरचा पूल, बी-वन टेंडर (सरकारी कामाचा ठरीव छापील करार), अंदाजपत्रक पावणेदोन कोटींच्या आसपास, आमचा दर ११ टक्के बिलो (अंदाजपत्रकापेक्षा कमी), मुदत १२ महिने. कार्यारंभ आदेश नोव्हेंबर २०२० चा. आदेश हातात पडला, पण पुलाच्या पलीकडची जमीनच ताब्यात नव्हती. शेतकरी म्हणे मावेजा मिळाल्याशिवाय जेसीबी लावू देणार नाही, आणि त्याचं काही चूक नव्हतं. अलीकडच्या बाजूला महावितरणचे खांब रस्त्याच्या मधोमध. ते हलवायला पैसे कुणी भरायचे यावर दोन खात्यांची पत्रापत्री चालली. काम पूर्ण झालं २० जानेवारी २०२३ ला. दाखला आहे. फायनल बिल त्याच मार्चमध्ये निघालं.

आता वाद असे. पुलाच्या पायाला अंदाजपत्रकात मुरूम आणि मऊ खडक धरला होता. खोदायला घेतलं तर काळी माती संपेचना, आणि त्याखाली एकदम कठीण खडक. शाखा अभियंता जागेवर म्हणाले, 'खाली जा, बघू एक्स्ट्रा आयटममध्ये.' खाली गेलो. बिलात ते आलंच नाही. वरून उशीर झाला म्हणून कराराच्या कलम २ खाली दंड कापला. सिक्युरिटी डिपॉझिट अजून अडकलेलं आहे, दोष दायित्व कालावधी (कामातले दोष दुरुस्त करून द्यायचा काळ) संपून वर्ष होत आलं तरी. आणि त्या दीड-दोन वर्षांत लोखंड कुठल्या कुठं गेलं. बारा महिन्यांचं काम म्हणून करारात भाववाढीचं कलम नाही.

बाबा म्हणतात प्रस्ताव वर गेलाय, साहेबांशी बोलणं झालंय. गेली अडीच वर्षं हेच चाललंय. माझा प्रश्न एवढाच की करारात कलम ३० आहे, त्यात अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम म्हटलंय. हेच आर्बिट्रेशन (लवाद) का? अर्ज कुणाकडं करायचा?

केजकर

आर्बिट्रेशनच आहे ते. आमच्या वडिलांच्या वेळी असंच व्हायचं. एसईकडं (अधीक्षक अभियंत्याकडं) क्लेम टाकायचा, त्यांनी नाही म्हटलं की कोर्टातून लवाद नेमून घ्यायचा. जायकवाडीच्या कालव्यांच्या कामात निम्म्या गुत्तेदारांनी असेच पैसे काढलेत.

काळा_डगला

केजकर, तुमच्या वडिलांच्या वेळी तसं चालायचं हे खरं. तेव्हा यावर उलटसुलट निकाल होते. आता तो विषय मिटलाय. विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, ऑक्टोबर २०१३. प्रश्न नेमका हाच होता की महाराष्ट्राच्या बी-वन करारातलं कलम ३० लवादाचा करार आहे का. उत्तर: नाही. अधीक्षक अभियंता तिथं खात्याचा माणूस म्हणून खात्यातल्या खात्यात वाद मिटवतो. दोन्ही बाजूंचं ऐकून, पुरावा घेऊन न्यायनिवाडा करावा असं त्या कलमात काही नाही. उत्तर प्रदेशच्या टिप्परचंद खटल्यात १९८० लाच ही दिशा ठरली होती. 'निर्णय अंतिम व बंधनकारक' एवढ्या शब्दांनी लवाद होत नसतो.

म्हणून धागाकर्त्याला उत्तर: तुमचा रस्ता दिवाणी दाव्याचा. रक्कम ३ लाखांच्या वर आहे आणि बांधकामाचा करार आहे, म्हणजे तो २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्यात येतो. समोर सरकार आहे म्हणून सुटत नाही, त्या कायद्यातच तसं स्पष्टीकरण दिलेलं आहे.

आता मुद्द्याचं. मुदत. काम झालं २० जानेवारी २०२३ ला. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १८ प्रमाणे, पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षं. म्हणजे २० जानेवारी २०२६. आज डिसेंबरचा पहिला आठवडा आहे. मार्चच्या बिलापासून धरा, असंही कोणी सांगेल आणि त्यालाही आधार सापडेल, पण पक्षकाराला मी नेहमी आधी संपणारी तारीख धरायला सांगतो. बाबांना सांगा, साहेबांशी बोलणं पुरे.

दुधनाकाठ

वकीलसाहेब, घाबरवलंत. पण आम्ही मधल्या काळात बरीच पत्रं दिलीत. प्रत्येकावर आवक शिक्का आहे. त्यानं मुदत वाढत नाही का?

काळा_डगला

नाही. या एका गैरसमजापायी मराठवाड्यातल्या किती गुत्तेदारांचे दावे बुडालेत, त्याला गणती नाही. तुम्ही पाठवलेल्या स्मरणपत्रानं मुदत एक दिवसानंही वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये रेखी विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) प्रकरणात हे सांगितलं, आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं की नुसत्या वाटाघाटी चालू होत्या म्हणून दाव्याचं कारण पुढं ढकललं जात नाही. मुदत वाढते ती त्यांच्या पत्रानं. म्हणजे कार्यकारी अभियंत्यानं मुदत संपायच्या आत सहीनिशी लिहून दिलं असेल की 'आपली अमुक रक्कम देय आहे', तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नवीन तीन वर्षं. तसं एखादं पत्र आहे का बघा. 'आपला प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर केला आहे' हे देणं कबूल केल्याचं पत्र नव्हे. त्यावर वाद घालता येतो, पण विसंबू नका.

मोजमापवाला

वकीलसाहेबांचं बरोबर आहे, फक्त कलम ३० अगदीच टाकाऊ समजू नका. मी त्याच खात्यात आयुष्य काढलं, शेवटी उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, तेव्हा टेबलाच्या त्या बाजूनं सांगतो.

एसईनं नकार दिला की ३० दिवसांत मुख्य अभियंत्याकडं अपील. कराराची रक्कम १० लाखांच्या वर आणि क्लेम १ लाखाच्या वर असेल तर. तिथंही नाही झालं तर पुन्हा ३० दिवसांत सचिवांकडं. त्यांना क्लेममध्ये काही तथ्य वाटलं तर ते शासनस्तरावरच्या स्थायी समितीपुढं ठेवतात. आता तुम्ही म्हणाल, यातून पैसे मिळतात का. क्वचित. पण खात्याला लेखी कारणं द्यावी लागतात, आणि एकदा कारण कागदावर आलं की पुढं कोर्टात त्यांना त्याच खुंट्याला बांधून राहावं लागतं. बहुतेक ठेकेदार एसईकडं अर्ज टाकतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. आम्हालाही उत्तर न देणं सोयीचं असायचं. नकार दिला की अपील, मंजूर केलं की ऑडिट. फाईल टेबलावर ठेवली की कुणाचंच काही बिघडत नाही. खोटं कशाला सांगू.

बाळा, आता मला सांग. पायाच्या खोदकामाच्या लेव्हल घेतल्या होत्या का? शाखा अभियंता 'खाली जा' म्हणाला ते ठीक आहे. खाली गेल्यावर काँक्रीट टाकायच्या आधी काय नोंदवलं?

दुधनाकाठ

काका, ऑटो लेव्हल लावून लेव्हल घेतल्या होत्या. आमच्या सुपरवायझरच्या वहीत आहेत. एमबीत (खात्याच्या मोजमाप पुस्तकात) आहेत की नाही माहीत नाही. मोबाईलमधले फोटो आहेत, खड्ड्यात स्टाफ (लेव्हल मोजायची पट्टी) उभा धरलेला.

मोजमापवाला

फोटो जपून ठेव, मूळ फोन विकू नको. पण एमबीच बघावी लागेल. पायाचं खोदकाम ही एकच गोष्ट अशी आहे की काम झाल्यावर ती परत मोजता येत नाही. डांबराची जाडी कोअर काढून बघता येते, भिंत टेपनं मोजता येते. पायात पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) पडलं, वर फुटिंग (पायाचा ठोकळा) आलं की खाली मातीत किती गेलात आणि खडक मऊ होता का कठीण, हे फक्त त्या दिवशीच्या नोंदीवर ठरतं. पद्धत अशी असते की खोदायच्या आधी जमिनीची लेव्हल, मग प्रत्येक थर बदलला की त्या पातळीवर लेव्हल, आणि तळाची लेव्हल. प्रत्येक नोंदीखाली शाखा अभियंत्याची सही, ठेकेदाराची सही, तारीख. थराचं वर्गीकरण शाखा अभियंत्यानं केलेलं उपअभियंत्यानं तपासायचं. कठीण खडक ब्लास्टिंगनं काढला की ब्रेकरनं, त्यावरही दर बदलतो. ब्रेकर भाड्यानं आणला असेल तर त्याच्या तासांची बिलं काढ. माती संपून ब्रेकर का आणावा लागला, याचं उत्तर त्या बिलातच आहे.

माहिती अधिकारात एमबीची आणि लेव्हल बुकाची साक्षांकित प्रत माग. सोबत अडथळा नोंदवहीची पण माग. ३० दिवसांत द्यावी लागते. नाही दिली तर पहिलं अपील, पण तुझ्याकडं तेवढा वेळ नाही, तर आजच अर्ज टाक.

टॅक्सभरणारा

मला एक कळत नाही. ११ टक्के बिलो भरता, काही जण तर २५-३० टक्के बिलो भरतात. तेव्हा नफा कसा दिसतो? मग काम अर्धं झालं की एक्स्ट्रा आयटम, भाववाढ, क्लेम. परभणी-जिंतूर रस्त्यावरून कधी गाडी चालवलीय का? रस्त्याची वाट लावायची आणि वर कोर्टात जाऊन व्याजासकट पैसे घ्यायचे. ते पैसे आमच्याच खिशातून जातात.

केजकर

भाऊ, सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. मोठा गुत्तेदार क्लेम करतो तेव्हा त्याच्याकडं वकिलांची फौज असते. आमच्यासारख्याला पोरीचं लग्न, डिझेलवाल्याची उधारी, खडी क्रशरवाल्याचे फोन. जलजीवनची कामं केलेली माणसं बघा जरा. योजना आली २०१९ ला, २०२४ ला संपणार होती, आता २०२८ पर्यंत वाढवलीय. टाक्या बांधून, पाईप गाडून झालेत, बिलाला निधी नाही. कर्ज मात्र आमच्या नावावर.

टॅक्सभरणारा

निधी नाही हे मान्य. पण बिलोचं काय? उत्तर द्या.

मोजमापवाला

बिलोचं उत्तर मी देतो. फार बिलो गेलं की जादा परफॉर्मन्स सिक्युरिटी घेतात, म्हणजे खात्यालाही माहीत असतं की दर परवडणारा नाही. तरी निविदा उघडते, कारण खालची बोली सोडली तर उद्या चौकशी लागेल. टॅक्सभरणारे म्हणतात ते निम्मं खरं आहे: काही जण दर पाडून काम घेतात आणि क्लेमवर कमाई करायची हे आधीच ठरवलेलं असतं. पण या कामात जमीन ताब्यात नसताना कार्यारंभ आदेश काढला, तो कुणी काढला? ठेकेदारानं नाही. मार्चच्या आत निधी खर्ची पडला पाहिजे म्हणून भूसंपादन व्हायच्या आधीच निविदा काढायची, ही आमच्याकडची जुनी खोड आहे. लेंडी प्रकल्प बघा, मुखेडकडचा. पुनर्वसन आणि भूसंपादनापायी किती दशकं गेली. शेवटी दंड, भाववाढ, व्याज, वकील सगळं जनतेच्याच पैशातून, पण त्याची सुरुवात अंदाजपत्रक करणाऱ्या टेबलावर झालेली असते.

लातूरचा_सबकॉन

थोडं वेगळं विचारतो. मी हायवेच्या कामात मोठ्या कंपनीखाली सब-कॉन्ट्रॅक्ट घेतलं होतं, तुळजापूर-नागपूर मार्गावर. माती भराव आणि मोऱ्या. कंपनी म्हणते महामार्ग प्राधिकरणाकडून पैसे आले की देऊ. प्राधिकरणाच्या करारात तर लवाद आहे ना? मला त्यात जाता येईल का?

काळा_डगला

प्राधिकरणाचा करार कंपनीशी, तुमचा करार कंपनीशी. तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये लवादाचं कलम आहे का तेवढं बघा. असेल तर लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस कंपनीला. नसेल तर दावा. 'वरून आले की देऊ' असं लेखी मान्य केलं असेल तर अडचण आहे, नुसतं तोंडी असेल तर त्याला अर्थ नाही. आणि लवाद कोण नेमणार ते बघून घ्या. कंपनीचा एमडी एकटाच नेमणार असं लिहिलं असेल तर ते आता चालत नाही, २०१९ चा पर्किन्स ईस्टमनचा निकाल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सरकारी कंत्राटांबाबतही तेच सांगितलं की एका पक्षानं एकतर्फी लवाद नेमणं समतेच्या तत्त्वात बसत नाही.

जाता जाता, केंद्राच्या वित्त मंत्रालयानं जून २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात की सरकारी खरेदीच्या करारात लवादाचं कलम सरसकट घालू नका, ठेवलंच तर १० कोटींच्या आतल्या वादांपुरतं. म्हणजे मोठे ठेकेदारही हळूहळू आपल्या जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात येणार. बसायला बाकडी कमी पडतील.

केजकर

वकीलसाहेब, एक विचारू का. एमएसएमईच्या फॅसिलिटेशन कौन्सिलचं (लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या परिषदेचं) काय? आमच्या संघटनेच्या ग्रुपवर सारखं येतं की उद्यम नोंदणी आहे ना, तिथं अर्ज टाका, तिप्पट व्याज मिळतं.

काळा_डगला

व्याजाचं खरं आहे, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढीनं. पण वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (बांधकामाच्या कंत्राटाला) तो कायदा लागू नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. सिमेंट पुरवलं, पाईप पुरवले, तर गोष्ट वेगळी. रस्ता बांधला तर तिथं जाऊन वेळ घालवू नका. चुकीच्या ठिकाणी गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा मागता येतो, पण त्यासाठी प्रामाणिकपणे आणि काळजीनं गेलात हे पटवावं लागतं. निकाल समोर असताना गेलात तर पटवणार काय?

दुधनाकाठ

काल रात्री बाबांच्या कपाटातली फाईल घेऊन बसलो. सापडलेलं लिहितो.

जमीन ताब्यात नाही म्हणून उपविभागाला दिलेलं पहिलं पत्र डिसेंबर २०२० चं, शिक्क्यासह. नंतर खांबांबद्दल दोन. अडथळा नोंदवहीच्या दोन पानांचे फोटो बाबांनी तेव्हाच काढून ठेवले होते, त्यात शाखा अभियंत्याची सही आहे. पण दोन मुदतवाढीच्या अर्जांत शेवटी एक ओळ आहे: 'सदर मुदतवाढीपोटी मी कोणत्याही प्रकारची नुकसानभरपाई मागणार नाही.' बाबा म्हणतात ऑफिसातच छापील नमुना देतात, त्यावर सही केल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. आणि फायनल बिलावर सही आहे, निषेध वगैरे काही लिहिलेलं नाही. मार्च एंड होता, बाहेर गावातला पेट्रोल पंपवाला बसला होता.

पहिली मुदतवाढ दंडाशिवाय दिलीय, दुसरी 'दंडाचा अधिकार राखून'.

काळा_डगला

फाईल चांगली आहे. मी वाईटच असेल असं धरून चाललो होतो.

दंडापासून सुरू करतो, तो तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा. कलम २ मध्ये दररोज अंदाजित रकमेच्या एक टक्का किंवा एसई ठरवील तेवढी कमी रक्कम, कमाल १० टक्के. त्यात एसईचा निर्णय अंतिम म्हटलंय. पण अंतिम आहे तो दर. उशीर कुणामुळं झाला हे ठरवायचा अधिकार खात्याला नाही. कराराचा एक पक्ष स्वतःच्याच भांडणात न्यायाधीश होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये रामेश्वर राईस मिल प्रकरणात सांगितलं आणि २०११ मध्ये जे. जी. इंजिनिअर्स प्रकरणात बांधकाम कंत्राटाला धरून आणखी स्पष्ट केलं. जमीन नव्हती हे त्यांच्याच नोंदवहीत त्यांच्याच सहीनं आहे. शिवाय करार कायद्याच्या कलम ७४ वर कैलाशनाथचा २०१५ चा निकाल वाचा. ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते, आणि नुकसानच झालं नसेल तर काही नाही. अर्थात सरकारी वकील म्हणणार, सार्वजनिक रस्त्याचं नुकसान रुपयांत कसं मोजायचं? त्याचीही तयारी ठेवा.

'नुकसानभरपाई मागणार नाही' ही ओळ भाववाढ आणि रिकाम्या यंत्रसामग्रीच्या क्लेमला नडणार. रामनाथ इंटरनॅशनलमध्ये मुदतवाढ घेतल्यावर भरपाई नाही हे कराराचं कलम कोर्टानं मानलं. सत्यपालन विरुद्ध केरळमध्ये भाववाढीचं कलम नसतानाही, सरकारच्या चुकीनं काम लांबलं म्हणून वाढीव दर दिला. दोन्ही २००७ च्या एससीसीत (सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या संग्रहात) आहेत. तुम्ही सत्यपालन दाखवाल, ते रामनाथ दाखवतील. छापील नमुन्यावर सक्तीनं सही घेतली हे म्हणता येईल, पण बाबांनी तेव्हा लगेच एखादं पत्र दिलं असतं तर वजन आलं असतं. फायनल बिलावरच्या सहीचं तसंच. २००८ चा बोघारा पॉलिफॅबचा निकाल सांगतो की पैशाच्या नडीपायी दबावाखाली दिलेली 'काही बाकी नाही' पावती आडवी येत नाही, पण २०११ मध्ये मास्टर कन्स्ट्रक्शन प्रकरणात कोर्टानं हेही सांगितलं की नुसतं 'दबाव होता' म्हणून चालत नाही, पुरावा लागतो. बिलानंतर किती दिवसांत पहिलं हरकतीचं पत्र दिलंत?

दुधनाकाठ

एप्रिल २०२३ ला आहे एक. त्यात पायाचा आणि दंडाचा दोन्हीचा उल्लेख आहे. व्याजाचा नाही.

काळा_डगला

एप्रिल म्हणजे छान. पैसे मिळाल्यावर महिन्याच्या आत. दबावाचा मुद्दा त्यानं उभा राहतो.

व्याजाची मागणी आता नोटिशीत लिहा. १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे करारात व्याज नसेल तर लेखी मागणी केल्याच्या तारखेपासूनच मिळू शकतं. निम्म्या लोकांच्या पत्रात 'बिल मिळावे ही विनंती' एवढंच असतं.

पायाचं काम लेखी आदेशाशिवाय झालं, कराराच्या कलम १४ ला लेखी आदेश लागतो. ते आडवं आलं तर करार कायद्याचं कलम ७० आहे. फुकट करायच्या हेतूनं काम केलं नाही आणि सरकारनं त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. मंडल अँड सन्सचा १९६१ चा निकाल बंगालच्या सरकारी कामावरचाच आहे, आणि तिथं तर १९३५ च्या भारत सरकार कायद्याला धरून करारच झालेला नव्हता. पूल उभा आहे, त्यावरून एसटी जाते, म्हणजे फायदा घेतला. प्रमाण किती एवढंच सिद्ध करायचं, आणि त्यासाठी मोजमापवाले काका म्हणाले ती एमबी.

मोजमापवाला

एमबीत कमी लिहिलं असेल तरी लेव्हल बुकात खरी लेव्हल सापडते बऱ्याचदा. दोन्ही वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या असतात. बिलात खोदकाम कापताना एमबी दुरुस्त करतात, लेव्हल बुकाकडं कुणी बघत नाही. आणि वरच्या बाजूनं पण बघ. पिअरची (पुलाच्या खांबाची) उंची आणि फुटिंगचं काँक्रीट जेवढं बिलात दिलंय, त्यावरून तळ किती खाली असला पाहिजे हे काढता येतं. काँक्रीटचे पैसे दिले आणि खोदकामाचे नाही, असं झालं असेल तर बांधकाम काय हवेत केलं का, असं विचारायचं.

केजकर

काका, हे भारी सांगितलंत. आमच्या एका कामाच्या फाईलला हेच लावून बघतो.

टॅक्सभरणारा

सिक्युरिटी डिपॉझिट तरी का अडवतात? ते तर ठेकेदाराचेच पैसे ना?

मोजमापवाला

कधी फाईल हरवते, कधी दोष दायित्वाची शेवटची पाहणी कुणी करायची यावर अडतं. कधी साहेब बदलतात आणि नवे साहेब म्हणतात माझ्या काळातलं काम नाही. आणि कधी तुम्हाला वाटतं ते कारण.

काळा_डगला

डिपॉझिटचा रस्ता वेगळा आहे. त्यावर वाद नाही, खात्यानं दोष दाखवलेला नाही, रक्कम त्यांच्या हिशेबात आहे. निर्विवाद रक्कम सरकार अडवून बसलं तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट चालतं, सूर्या कन्स्ट्रक्शन्सचा निकाल आहे. संभाजीनगर खंडपीठात थकीत बिलांच्या अशा याचिका येतच असतात. तिथं बहुतेक वेळा 'अमुक आठवड्यांत निर्णय घ्या' असा आदेश मिळतो आणि तेवढ्यानंही फाईल हलते. मात्र पायाचा आणि दंडाचा वाद त्या रिटमध्ये घुसडू नका. मोजमापाचा वाद दिसला की खंडपीठ सांगणार, दिवाणी कोर्टात जा.

आणि दावा लावताना एकच दावा. पाया, दंड, रिकामी यंत्रं, भाववाढ, व्याज, सगळं त्यात. आज पायाचं मागू, भाववाढीचं पुढं बघू असं केलंत तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २ नियम २ प्रमाणे उरलेलं कायमचं गेलं.

नोटीस त्याच संहितेच्या कलम ८० ची, सचिव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना. दोन महिने. प्रतिवादी म्हणून 'महाराष्ट्र राज्य' पाहिजे. नुसता कार्यकारी अभियंता प्रतिवादी करून आलेले दावे मी पाहिलेत. तो काही कायद्यातली व्यक्ती नाही, बदलीच्या ऑर्डरवरचा माणूस आहे. नोटिशीचे दोन महिने मुदतीतून वजा होतात, म्हणजे २० जानेवारीच्या आत नोटीस पोचली तर तुम्हाला मार्चपर्यंत जागा आहे. शेवटच्या दिवसावर नेऊ नका. मध्ये वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची दाव्यापूर्वीची मध्यस्थी आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर ती सक्तीची आहे, पाटील ऑटोमेशन, २०२२. ती न करता लावलेला दावा दारातूनच परत येतो. मध्यस्थीत गेलेला काळही वजा होतो. सरकार मध्यस्थीला बहुतेक येत नाही, पण न आल्याचा अहवाल तरी हातात येतो.

शेवटचं एक. वडील आणि काका मिळून म्हणालात. टेंडर कुणाच्या नावावर आहे? भागीदारी असेल तर फर्म नोंदणीकृत आहे का? भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या आधारे दावाच लावता येत नाही. आणि दावा लावल्यावर नोंदणी करून भागत नाही, आधी पाहिजे. भागीदारी पत्र नोटरी केलं म्हणजे नोंदणी झाली असं बरेच समजतात.

दुधनाकाठ

काकांना फोन केला. भागीदारी पत्र आहे, नोटरी केलेलं. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सचा दाखला आहे की नाही, त्यांना आठवेना. सीए म्हणतो पॅन आहे, जीएसटी आहे, अजून काय पाहिजे. उद्या बघतो.

दुधनाकाठ

दाखला नाही. नोंदणी झालेलीच नाही. सीएकडून ऑनलाईन अर्ज आज भरायला घेतलाय. काका जरा चिडलेत, म्हणतात एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज काल टाकला. एमबी, लेव्हल बुक, अडथळा नोंदवही, मुदतवाढीच्या फाईलची टिपणी, सगळं मागितलंय. नोटिशीसाठी सोमवारी परभणीला वकिलांकडं जातोय. त्यांना हा धागा दाखवू का?

काळा_डगला

दाखवा, पण त्यांनी मूळ कागद बघूनच ठरवावं. आणि नोटीस नोंदणीची वाट बघत थांबवू नका, नोंदणी दाव्याच्या आधी झाली म्हणजे झालं. टिपणी मागितलीत ते फार बरं केलंत. मुदतवाढीच्या टिपणीत उपअभियंता बहुतेक वेळा लिहून बसलेला असतो की विलंब ठेकेदारामुळं नाही.

मोजमापवाला

मी तरी लिहायचो.

पैनगंगेचा_पोऱ्या

उशिरा आलो धाग्यावर. माझं काम ग्रामपंचायतीचं आहे, हिंगोली जिल्हा, सिमेंट रस्ता, १५ व्या वित्त आयोगातून. सरपंच बदलले, नवे म्हणतात ठराव दाखवा. करार साध्या कागदावर आहे. हेच सगळं लागू का?

काळा_डगला

तिथं समोरचा पक्ष ग्रामपंचायत आहे, शासन नाही, नोटीस वेगळी. कराराचा कागद, ठरावाची नक्कल, मूल्यांकन दाखला आणि काम संपल्याची तारीख घेऊन नवीन धागा काढा. इथं मिसळलं तर दोघांचाही गोंधळ होईल.